प्रबंधाची तालीम

अण्णांना कुठे पहिल्यांदा जायचं असलं की ते तिथे आधी एकदा जाऊन येत. वाक्य पुन्हा वाचायची गरज नाही, ते बरोबरच आहे. काम ज्या दिवशी असे त्याच्या आदल्या दिवशी अण्णा त्याच बसने, तेच बूट घालून तिथे जात, दाराला हात लावत आणि परत येत. याला ते तालीम म्हणत. ऐन वेळी फजिती नको, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फजिती ऐन वेळी न होता आदल्या दिवशी होई, एवढाच फरक पडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते दवाखाना बघायला गेले, तर नर्सने त्यांना कपडे बदलायला लावून खाटेवर आडवं केलं होतं. डोळ्यात औषध पडेपर्यंत अण्णा "मी फक्त बघायला आलोय" एवढंच म्हणत होते, आणि नर्स "हो, आता छान दिसायला लागेल" असं म्हणत होती.

अण्णांची उभी हयात वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेली. दुकानदारांचे काटे तपासता तपासता स्वभावच असा झाला की दोनदा मोजल्याशिवाय कशावरही विश्वास बसेना. नोकरीतला आणखी एक नियम त्यांच्या अंगी मुरला होता. रस्ता कुणालाही विचारायचा नाही. निरीक्षकाने गल्लीच्या तोंडाशी दुकान कुठे म्हणून विचारलं, की तो पोचायच्या आत दुकानातला काटा सरळ झालेला असतो. निवृत्तीनंतर अण्णांना कुणी घाबरेनासं झालं, काटे आपापल्या मर्जीने हलू लागले, पण नियम तेवढा राहिला. अण्णा चुकत, तास तास भटकत, पण विचारत नसत.

आता प्रसंग आला होता तो त्यांच्या बायकोचा. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत, आणि चार लोकांत अण्णाही बाईच म्हणत. शाळेतून निवृत्त व्हायच्या सुमाराला बाईंनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. लोकांना वाटलं, हौस आहे, फिटेल. नऊ वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचे ढीग होते. जेवायच्या वेळी अण्णा ते ढीग एकेक करून उचलून खिडकीत ठेवत आणि जेवण झालं की त्याच क्रमाने परत मांडत. एकही कागद कधी इकडचा तिकडे झाला नाही, याचा त्यांना अभिमान होता.

विद्यापीठाने मुदत दोनदा वाढवून दिली होती आणि आता वाढणार नाही असं स्पष्ट कळवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रबंध संशोधन कार्यालयाच्या खिडकीवर पोचला नाही, तर नोंदणी रद्द. बाईंचे मार्गदर्शक त्याच महिन्यात निवृत्त होणार होते, आणि या वयाची विद्यार्थिनी दुसरं कुणी घेणार नव्हतं. म्हणजे नऊ वर्षं पाण्यात. बुधवारी संध्याकाळी निळ्या कापडात बांधलेल्या पाच प्रती घरी आल्या, आणि बाईंची स्वतःची एक.

"उद्याच जाऊन देऊन टाकू," बाई म्हणाल्या.

"उद्या?" अण्णा दचकले. "उद्या तालीम आहे."

"अहो, प्रबंध तयार आहे, मी तयार आहे, कार्यालय उघडं आहे. तुम्ही जाणारच आहात तर मीही येते, प्रती देऊनच परत येऊ."

"आणि वाटेत काही झालं म्हणजे? नाटकाच्या तालमीत कुणी खरी तलवार काढतं का?"

बाईंनी वाद घातला नाही. अण्णांशी वाद घालायला लागणारा वेळ विद्यापीठात जाऊन यायच्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या निळ्या प्रती एखादा दिवस घरात असाव्यात असं त्यांनाही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा निघेपर्यंत बाईंनी तीनदा प्रतींवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

अण्णा कुणाला रस्ता विचारत नसत, पण म्हणून लोक सांगायचे थांबत नसत. गुरुवारी सकाळी तळमजल्यावरचे वकील वर आले, समोरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात जाता जाता थांबल्या, आणि बाईंच्या भावाचा फोन आला.

"मागच्या फाटकाने जा," वकील म्हणाले. "पुढचं फाटक पाहुण्यांसाठी. तिथे उभंही करत नाहीत."

"मागचं फाटक बुजवलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं आणि सरळ आत."

"टाकी पाडली."

"पाडली कशी? परवा पाहिली मी."

"परवा तुम्ही दुसरी पाहिली."

फोनवर मेव्हणा म्हणत होता, "भाऊजी, काही अवघड नाही. ग्रंथालयापाशी जायचं आणि तिथून नाकासमोर."

"नाक कुणीकडे करून?" बाईंनी फोनजवळ येऊन विचारलं.

"म्हणजे काय, ताई? नाकासमोर म्हणजे नाकासमोर."

बाई हात पुसत हे सगळं ऐकत होत्या, आणि त्यांचा चेहरा गाणं ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता. "हे सगळं बाइंडिंगच्या आधी बोलला असतात तर किती बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. असं का म्हणाल्या ते अण्णांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

त्यांच्यापुढे मोठा प्रश्न वजनाचा होता. पाच प्रती पिशवीत घालून बसमध्ये उभं राहता येईल का, पिशवीचे बंद टिकतील का, हे रिकाम्या पिशवीने कसं कळणार? अण्णा एक प्रत घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदार सवयीने उठून उभा राहिला. "साहेब, तुम्ही तर रिटायर झालात ना?" म्हणेपर्यंत अण्णांनी त्याच्या काट्यावर प्रबंध ठेवला होता. मग घरातली रद्दी आली. प्रबंधाच्या वजनाचे वर्तमानपत्रांचे पाच गठ्ठे बांधले गेले. शाई पिशवीला लागू नये म्हणून प्रत्येकावर तपकिरी कागद चढला आणि एका गठ्ठ्यात थोडी तूट आली तिथे जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची काही पानं घातली. दुकानदाराने आयुष्यात इतकं चोख वजन कधी केलं नव्हतं, आणि तेही रद्दीचं.

विद्यापीठाला फाटकं बरीच होती. अण्णांनी कुणाचाच सल्ला मानला नाही, जे फाटक आधी दिसलं तिथेच ते उतरले. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"पिशवीत काय आहे?"

आयुष्यभर हा प्रश्न अण्णांनी दुसऱ्यांना विचारला होता. "वजन," ते म्हणाले.

"कशाचं?"

"प्रबंधाचं."

"मग प्रबंध कुठंय?"

"घरी."

पहारेकऱ्याने जरा विचार केला. "म्हणजे वजन इकडे आणलंत आणि प्रबंध घरी ठेवलात."

"बरोबर."

"उलटं करायला पाहिजे होतं, काका," तो म्हणाला, आणि वाटेतून बाजूला झाला.

आत पाट्या भरपूर होत्या. पहिल्या पाटीवर संशोधन कार्यालय उजवीकडे होतं. दुसरीवर ते डावीकडे होतं. तिसरी पाटी जमिनीवर उताणी पडली होती, तिच्या म्हणण्याप्रमाणे कार्यालय आभाळात होतं. शेजारून माणसं जात होती, पण अण्णा ओठ मिटून चालत राहिले. रोपवाटिका झाली, पोहण्याचा तलाव झाला, वसतिगृहाचं धुणं वाळत होतं ते अंगण झालं. एके ठिकाणी पायऱ्यांवर माणसं ओळीने उभी दिसली तेव्हा अण्णांनी मनाशी म्हटलं, हीच ती रांग. रांग कशाची हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ते मुकाट्याने दुसऱ्या ओळीच्या टोकाला उभे राहिले. कुणीतरी "सर, तुम्ही बसा" म्हणून खुर्ची दिली. समोरच्या माणसाने "इकडे बघा" म्हटलं. भूगर्भशास्त्र विभागाच्या निरोपाच्या फोटोत अण्णा अजून आहेत, मांडीवर पिशवी घेऊन, मुदत संपत आल्यासारख्या चेहऱ्याने.

कार्यालय त्याच इमारतीच्या मागे निघालं. जाळीच्या खिडकीमागे एक कारकून मान खाली घालून बसला होता. दार बघून, हात लावून परतायचं एवढाच अण्णांचा बेत होता. पण दाराला हात लावायचा तर खिडकीची रांग ओलांडावी लागत होती, आणि रांग मोडणं त्यांच्या तत्त्वात बसेना. म्हणून ते रांगेत उभे राहिले आणि यथावकाश खिडकीशी आले.

"प्रती?" कारकून म्हणाला. मान खालीच.

"पाच. पण..."

"ठेवा."

"तसं नाही. ही रद्दी आहे."

"सगळे असंच म्हणतात, काका. ते परीक्षक ठरवतील. ठेवा."

"अहो, मी ठेवायला आलो नाही. बघायला आलोय."

"बघून झालं असेल तर ठेवा. मागे माणसं आहेत."

त्याने पिशवी स्वतःच आत ओढली. एक गठ्ठा काढला, तपकिरी कागद फाडला, शिक्का उचलला आणि हात तसाच वर राहिला. त्याच्यासमोर फुटबॉलच्या सामन्याचा जुना निकाल होता. त्याने दुसरा गठ्ठा फोडला. त्यात हवामानाचा अंदाज होता. तिसऱ्यात टेलिफोन नंबर होते.

"हे काय आहे?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

"वजन," अण्णा म्हणाले.

आतून साहेब आले. साहेब मोठे काटेकोर होते, आणि बरीच वर्षं ते एका माणसाची वाट बघत होते. मुदत गाठायला कुणीतरी भलतेच कागद बांधून जमा करतं, शिक्का मिळवतं आणि महिन्याभराने चुकून दुसरीच प्रत दिली म्हणून खरा प्रबंध आणून देतं, असं त्यांनी ऐकलं होतं. तो माणूस आज त्यांच्या खिडकीत चालून आला होता.

"नाव काय उमेदवाराचं?"

इथे बाईंचं नाव सांगितलं की ते काळ्या यादीत जाणार आणि उद्या खरा प्रबंध आणला तरी हा माणूस हात लावणार नाही, हे अण्णांना लख्ख दिसलं. निरीक्षक म्हणून त्यांनी स्वतः असंच केलं असतं.

"प्रबंध माझाच आहे," ते म्हणाले.

"विषय?"

नऊ वर्षं अण्णांनी ते ढीग टेबलावरून खिडकीत आणि खिडकीतून टेबलावर नेले होते. वरच्या कागदावर काय लिहिलंय हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. "रस्त्यांविषयी आहे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे स्थापत्य विभाग?"

"असेल."

"असेल? प्रबंध तुमचा की तुमच्या मिसेसचा?"

"मला मिसेस नाहीत," अण्णा म्हणाले, आणि पिशवी ओढून निरीक्षकाला न शोभणाऱ्या वेगाने बाहेर पडले. शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. पहारेकऱ्याने धरून त्यांना बसमध्ये चढवलं.

"झालं जमा वजन?"

"नाही."

"आणा उद्या परत," तो समजूत घालत म्हणाला.

बसमध्ये पाय ठणकत होता, पण अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं. आपल्याला विषय सांगता आला नाही, हेच त्यांना सारखं टोचत होतं. साहेबांसमोर नव्हती वाटली एवढी लाज त्यांना आता, एकटं बसल्यावर वाटत होती.

"कशी झाली तालीम?" बाईंनी दार उघडत विचारलं.

"उत्तम."

"आणि पाय?"

"पाय तालमीत धरायचा नाही."

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "तुम्ही घरी पडून राहा, मी जाऊन येते." अण्णांनी साफ नकार दिला. रस्ता फक्त त्यांना माहीत होता, हे एक कारण. कालचा घोळ अंगाशी आला तर बाई तिथे एकट्या नकोत, हे दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि कपाटातून मोतीबिंदूच्या वेळचा मोठा काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

"डोळ्यांना काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उजेड फार असतो तिकडे."

तालीम दुपारच्या बसची झाली होती, म्हणून सकाळी निघायला अण्णा तयार नव्हते. दुपारी ठरलेली बस ठरल्या वेळी आली, आणि तालीम तिथेच संपली. पुढे रस्ता खणला होता, बसने वळसा घेतला, वळशाने दुसरा घेतला, आणि विद्यापीठाच्या पार पलीकडच्या, अण्णांनी कधी न पाहिलेल्या फाटकाशी त्यांना उतरवलं. चार वाजून गेले होते.

"आपण आधी कालच्या फाटकाशी जाऊ," अण्णा म्हणाले. "माझी तालीम तिथून आहे."

"अहो, तालीम राहू द्या आता," बाई म्हणाल्या. पिशवी त्यांच्या हातात होती, कारण अण्णांचा एक हात त्यांच्या खांद्यावर होता. समोर एक माळी झाडांना पाणी घालत होता. बाई सरळ त्याच्याकडे गेल्या आणि विचारलं.

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तोंड फिरवून एका झुडपाचं निरीक्षण सुरू केलं. माळ्याने मात्र नळी खाली ठेवली, दोन्ही हात वापरले आणि सायकल स्टँड, मोठं झाड, हिरवी टपरी असं सगळं सांगितलं. पुढे बाईंनी एका मुलीला विचारलं, आणि तिच्यापुढे एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना. तिघांनी तीन रस्ते सांगितले.

"बघ," अण्णा म्हणाले. "म्हणून विचारू नये."

"डावं-उजवं लोक नेहमीच चुकवतात," बाई चालता चालता म्हणाल्या. "खुणा चुकवत नाहीत. तिघांनीही हिरवी टपरी सांगितली ना? मग आपल्याला टपरी गाठायची. तिथे पुढचं विचारू."

टपरीजवळून एक पोरांचा घोळका येत होता. त्यातला एक वाकून म्हणाला, "सर, फोटो छान आलाय तुमचा."

"कोण हा?" बाईंनी विचारलं.

"ओळखीचा नाही," अण्णा म्हणाले, आणि चष्मा घट्ट केला.

कार्यालयात शेवटच्या दिवसाची गर्दी होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या आणि अण्णा एका खांबामागे गेले. खांब अण्णांपेक्षा बारीक होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता आणि बाई पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. अण्णांनी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

खिडकी आली. "प्रती?" कारकून म्हणाला.

"पाच," बाई म्हणाल्या, आणि पिशवी वर ठेवली.

कारकुनाने मान वर केली नाही, पण पिशवी पाहिली. चौकड्यांची, एक बंद शिवलेला. तो उठून उभाच राहिला. "ही पिशवी काल इथे येऊन गेली आहे. साहेब!"

"काल कशी येईल?" बाई म्हणाल्या. "काल तर..." आणि त्या थांबल्या.

साहेब आले. त्यांनी पिशवी ओळखली, मग नजर फिरवली आणि खांबही ओळखला. "ते गृहस्थ आपल्याबरोबर आहेत?"

"ते माझे मिस्टर."

"त्यांना मिसेस नाहीत," साहेब म्हणाले. "काल त्यांनी स्वतः सांगितलंय."

बाई सावकाश मागे वळल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "जरा पुढे या."

अण्णा लंगडत पुढे आले. रांगेने वाट करून दिली. त्यांनी आधी टोपी काढली, मग चष्मा.

"काल ह्यांनी वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणले होते," साहेब बाईंना म्हणाले. "प्रबंध म्हणून. आता या प्रतींतलं पान न् पान तपासल्याशिवाय मी घेणार नाही. आणि कार्यालय पाचला बंद होतं."

बाईंचा चेहरा उतरला. त्या अण्णांकडे बघत राहिल्या, रागाने नाही, काही कळत नसल्यासारख्या. रागावल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं.

"साहेब," अण्णा म्हणाले, "तो गाढवपणा माझा. आज यायचं म्हणून मी काल तालमीला आलो होतो. प्रबंध किती जड होतो ते बघायला तेवढ्या वजनाची रद्दी आणली. ह्यांना यातलं काही माहीत नाही. मिसेस नाहीत असं खोटं बोललो, कारण यांचं नाव तुमच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, पण यांच्या प्रती घ्या. ही बाई नऊ वर्षं खपली आहे."

साहेबांच्या आयुष्यात इतकं विचित्र स्पष्टीकरण आलं नव्हतं, आणि म्हणूनच ते खोटं वाटत नव्हतं. तरी त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला. "नऊ वर्षं एका घरात राहून तुम्हाला विषय कसा सांगता आला नाही?"

"मला माहीत नव्हता."

"का?"

"मी विचारला नाही," अण्णा म्हणाले. "मी कुणाला काही विचारत नाही. तशी सवय आहे."

बाईंनी मान खाली घातली. अण्णांना वाटलं, काटा सगळ्यांसमोर मांडून झाला आणि आपलं माप कमी भरलं.

साहेबांनी घसा साफ केला, एक प्रत उघडली आणि नाव मोठ्याने वाचलं. "अनोळखी माणसाला रस्ता सांगताना: खुणा, वळणं आणि गृहीतकं." त्यांनी दोन-चार पानं उलटली. "म्हणजे काय, लोक पत्ता कसा सांगतात त्याच्यावर?"

"हो," बाई म्हणाल्या.

"त्यात काय आहे एवढं? आता हेच कार्यालय घ्या. मी सांगतो, पाण्याच्या टाकीवरून सरळ आत."

"साहेब, टाकी पाडली," कारकून म्हणाला.

"कधी?"

"तुम्ही पूर्वी त्या रस्त्याने यायचात तेव्हाच."

"मग मी रोज पाहतो ती कुठली?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं की टाकीपेक्षा ग्रंथालय धरावं. दुसरा म्हणाला, कुठलं, जुनं की नवं? बघता बघता सगळी रांग एकमेकांना तिथेच पोचायचे रस्ते सांगू लागली, जिथे सगळे आधीच उभे होते. एरवी बाईंना यापेक्षा मोठं सुख मिळालं नसतं. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि वर्गात वापरायचा आवाज काढला.

"साहेब, हे सगळं मी सावकाश ऐकायला येईन. आधी शिक्का."

कारकुनाने प्रतींची पानं फरफर उडवून पाहिली. "आत बातम्या नाहीत, साहेब," त्याने कळवलं. साहेबांनी मान हलवली आणि शिक्का पडला. पाच वेळा पडला, आणि बाईंच्या आग्रहावरून सहाव्यांदा त्यांच्या स्वतःच्या प्रतीवर. मग बाई भिंतीशी गेल्या आणि रुमालाने डोळे पुसू लागल्या. अण्णा शेजारी नुसते उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये दोघांना जागा मिळाली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि रिकामी पिशवी अण्णांच्या मांडीवर होती. काट्यावर वजनं जुळवावीत तसे शब्द जुळवून अण्णा शेवटी म्हणाले, "नक्की काय आहे गं त्याच्यात?"

बाई वळल्या. हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय का, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. "कशात?"

"तुझ्या प्रबंधात."

"लोक कसे विचारतात, कसे सांगतात, ते आहे. चौथ्या प्रकरणात न विचारणारे आहेत." त्या जराशा हसल्या. "ते सगळं तुमच्यावरच आहे. नाव नाही घातलं."

"माझ्यावर?"

"दुसरं कोण भेटणार होतं मला? नऊ वर्षं घरातच तर होतात." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटायचं. वाटायचं, कधीतरी विचारतील. वरचा कागद उचलताना तरी विचारतील."

अण्णांनी पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"आता तोंडी परीक्षा कधी?" त्यांनी विचारलं. दिवसभरातला हा त्यांचा दुसरा खरा प्रश्न होता.

"येत्या काही महिन्यांत. परीक्षक बोलावतील. आणि हे बघा, आदल्या दिवशी ती खोली बघायला जायचं नाही."

"मग?"

"तालीमच करायची असेल तर घरी करा. तुम्ही परीक्षक व्हा. तुम्ही विचारायचं, मी उत्तरं द्यायची." त्यांनी आपली निळी प्रत त्यांच्या हातात ठेवली. "पण त्यासाठी हे वाचावं लागेल."

अण्णांनी सवयीने प्रत तळहातावर तोलली. वजन अगदी बरोबर होतं, ते त्यांना पाठच होतं. मग त्यांनी ती मांडीवर ठेवली, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले. दुसऱ्या पानावर ते थांबले, बोटाने एक ओळ दाखवून म्हणाले, "हे का?" बाईंनी सांगितलं. पुढच्या पानावर पुन्हा थांबले, पुन्हा विचारलं. समोरचा प्रवासी वर्तमानपत्रावरून त्यांच्याकडे बघायला लागला. अण्णांना ते दिसलं नाही.

त्यांचा स्टॉप आला. बस थांबली, माणसं उतरली, माणसं चढली, बस सुटली. अण्णांचा स्टॉप आयुष्यात कधी चुकला नव्हता. बाईंनी कोपऱ्यावरचं किराणा दुकान मागे पडताना पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.